चर खणले, चाऱ्याचं काय?

प्रश्न : पाणलोट विकासाच्या सरकारी निधीतून आमच्या सामाईक कुरणावर समतल चर (पाणी अडवायला उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले) खणले आणि लगेच चराईबंदी झाली. शेळ्या-मेंढ्या न्यायच्या कुठे?

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. बंदी हवीच, गवत वारंवार कोवळंच खाल्लं गेलं की मुळं खंगतात, माती सुटते आणि तेच चर गाळाने भरतात. पण सगळं रान एकदम बंद करायला कुणी सांगितलं? आळीपाळीने एकेक तुकडा राखावा, तिथलं गवत कापून नेऊ द्यावं. चीनच्या लोएस (वाऱ्याने आणलेल्या भुसभुशीत मातीच्या) पठारावर १९९४ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून मोठं काम झालं. तिथेही मोकाट चराई थांबवली, पण जनावरं बांधून चारण्यावर भर दिला.

अंदाजपत्रकात खोदाई पहिल्या पानावर असते, कारण खड्डा मोजता येतो (आणि फोटोतही झकास येतो). गवताचं बियाणं, राखणदाराची मजुरी, गाळ उपसण्याचा खर्च मात्र शोधावा लागतो. सभेत याच तीन रकमा विचारा. त्या नसतील तर पुढचा हप्ता निघण्याआधी लेखी हरकत द्या. काम संपल्यावर दाद मिळणं फार अवघड जातं.