लंडनचं कोल ड्रॉप्स यार्ड हे खरेदी संकुल: दुकानांआधी तिथे काय होतं?

कोळशाचं कोठार. किंग्ज क्रॉस रेल्वे स्टेशनमागे, रीजंट्स कालव्याकाठी १८५०-६० च्या दशकांत या दोन लांबलचक विटांच्या इमारती उभ्या राहिल्या. रेल्वेचे डबे वरच्या मजल्यावर यायचे, कोळसा खालच्या कप्प्यांत ओतला जायचा आणि तिथून घोडागाड्यांत. शेजारच्या धान्यकोठारात (१८५२) तर कालव्यातल्या होड्या थेट इमारतीखाली शिरत. तिथे आता कला महाविद्यालय आहे.

मधल्या काळात कोळशाच्या इमारतींत नाइटक्लबही चालले! २०१८ मध्ये हेदरविक स्टुडिओ या वास्तुरचना करणाऱ्या संस्थेने दोन्ही इमारतींची छपरं वाकवून मध्यावर एकमेकांना टेकवली आणि खाली दुकानं आली. छप्पर बघण्यासारखंच आहे, पण दुकानं महागडी. खरेदीपेक्षा कालव्याकाठी चालायला जा.