अडुळशाच्या पानांचा अर्क आणि प्लेटवरची रिंग

प्रश्न : आमच्या परसात अडुळसा आहे, खोकला झाला की आजी पानं वाफवून रस पिळते आणि मधातून देते. मी बीएस्सीला आहे. लॅबमध्ये पानं अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढला तर बॅक्टेरियाच्या प्लेटवर अर्काभोवती स्वच्छ रिंग आली, म्हणजे तिथे बॅक्टेरिया वाढलेच नाहीत. म्हणजे औषध सिद्ध झालं ना?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : अगं रिंग आली हे छानच, पण त्याच प्लेटवर नुसतं अल्कोहोल टाकून बघितलंस का? कारण अल्कोहोल स्वतःच बॅक्टेरिया मारतं, मग रिंग पानाची की त्याची हे कळणार कसं. आधी अर्कातलं अल्कोहोल उडवून टाक आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी पानांच्या अर्काशिवायची टेस्टही ठेव, प्रत्येक टेस्ट तीनदा तरी कर. आणि आजीसारखा वाफवलेल्या पानांचा रसही तपास की, पोटात तर तोच जातो!

दुसरं म्हणजे खोकल्याला आराम पडतो तो जंतू मरूनच पडतो असं नाही. या पानांत व्हॅसिसिन नावाचं अल्कलॉइड (वनस्पतीत तयार होणारं नायट्रोजनयुक्त रसायन) असतं, त्याच्यावरूनच पुढे ब्रोमहेक्सिन हे औषध बनलं, जे कफ पातळ करायला आजही सिरपमध्ये घालतात. म्हणजे तुझ्या प्लेटवर रिंग आली नसती तरी आजी चुकीची ठरली नसती, प्लेटवर कफ नसतोच ना.

एक मात्र कळकळीनं सांगते, गरोदर बाईला हा रस अजिबात देऊ नका, व्हॅसिसिननं गर्भाशय आकुंचन पावू शकतं. आजीलाही आजच सांग.