आमच्या विद्यापीठाच्या आवारात फुटबॉल स्टेडियम बांधायचं घाटतंय. लोक एवढे का भांडतायत? विरोधाच्या अर्जावर मी सही करू का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात एमएस करताय, फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, आणि कॅम्पसच्या मधोमध स्टेडियम बांधायचं जाहीर झाल्यापासून लायब्ररीच्या दारात एक आजी रोज विरोधाचा अर्ज घेऊन उभ्या असतात. त्यांना चुकवत राहायचं, की सही करून मोकळं व्हायचं?

मी 2012 ते 2017 कोलोरॅडोमधल्या फोर्ट कॉलिन्सला पीएचडी केली. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या स्टेडियमचं भांडण मी गेलो तेव्हा नुकतं पेटलं होतं, आणि निघालो तेव्हा स्टेडियम उभं होतं. अशाच एका अर्जावर मीही सही केली होती. आज पुन्हा करीन, पण कारण वेगळं असेल. तेव्हाचं कारण होतं, 'विद्यापीठ शिकायला असतं, खेळावर पैसे कशाला उधळता?' आपल्याकडून जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी पहिल्या वर्षी हेच वाक्य असतं. ते चूक नाही, पण त्या वाक्याने तिथे कोणाचंच मत बदलत नाही.

कारण तिथला कॉलेज फुटबॉल हा 'आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा' या सदरात मोडत नाही. (आणि तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, अंडाकृती चेंडूचा, हे एव्हाना कळलंच असेल.) विद्यापीठाचा संघ हा गावाचा संघ असतो. पन्नास वर्षांपूर्वी पदवी घेतलेले लोक हिरवे-सोनेरी टीशर्ट घालून सहकुटुंब येतात, गाडीची डिकी उघडून पार्किंगमध्येच शेगड्या पेटवतात आणि सामना सुरू व्हायच्या आधी चार तास तिथेच खातात-पितात. याला टेलगेटिंग म्हणतात. यातलेच काही लोक पुढे मृत्युपत्रात विद्यापीठाला पैसे ठेवतात. प्रशासनाची नजर त्या डिकीवर असते.

फोर्ट कॉलिन्सचं जुनं स्टेडियम म्हणजे ह्यूज स्टेडियम. 1968 साली बांधलेलं, कॅम्पसपासून काही मैल पश्चिमेला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. वरच्या उतारावर चुन्याने रंगवलेलं भलंमोठं इंग्रजी 'ए' अक्षर आहे, विद्यापीठ कोलोरॅडो ए अँड एम या नावाने चालायचं तेव्हापासूनचं. नाव 1957 साली बदललं, अक्षर राहिलं. संघाने टचडाउन केला (चेंडू मैदानाच्या समोरच्या टोकापार नेऊन गुण मिळवले) की लष्करी प्रशिक्षणाची मुलं एक जुनी तोफ उडवायची आणि तिचा आवाज डोंगरावर आपटून परत यायचा. मला खेळ कळत नव्हता, पण त्या परत येणाऱ्या आवाजासाठी मी दोनदा गेलो. विद्यार्थ्यांसाठी कॅम्पसवरून बस असायची. जाताना ती भरलेली असे, आणि मध्यंतरानंतर परतीचीही. दुसऱ्या सत्रात विद्यार्थ्यांच्या स्टँडमधले बाक उघडे पडायचे. 'स्टेडियम कॅम्पसवर हवं' या म्हणण्याला माझ्या डोळ्यांनी पाहिलेला एवढाच पुरावा होता, आणि खरं सांगायचं तर तो बऱ्यापैकी वजनदार होता.

योजना पुढे आणली क्रीडा संचालक जॅक ग्रॅहम यांनी. ते तिथलेच माजी खेळाडू, पुनर्विम्याच्या धंद्यात पैसा केलेले. अध्यक्ष टोनी फ्रँक यांनी 2012 मध्ये होकार दिला, पण अट घातली की निम्मा खर्च देणग्यांतून उभा राहिला पाहिजे, आणि त्याला दोन वर्षांची मुदत. त्यांचा युक्तिवाद असा होता: राज्य सरकारचं अनुदान आटत चाललंय, बाहेरच्या राज्यातला विद्यार्थी स्थानिकाच्या दुपटी-तिपटीने फी भरतो, आणि त्याला इथे ओढून आणायचं तर विद्यापीठाचं नाव शनिवारी टीव्हीवर दिसलं पाहिजे. या समजाला अमेरिकेत नावही आहे, 'फ्लूटी इफेक्ट'. 1984 साली बॉस्टन कॉलेजच्या डग फ्लूटीने मायामीविरुद्ध शेवटच्या क्षणी लांबच लांब फेक करून सामना जिंकला आणि त्या कॉलेजकडे प्रवेश अर्जांची रीघ लागली, अशी ती कथा. अर्ज त्याच्या आधीपासूनच वाढत होते, हे कथा सांगणारे सांगत नाहीत.

देणग्यांची अट काही पुरी झाली नाही, निम्म्याच्या जवळपासही गाडी गेली नाही. ऑगस्ट 2014 मध्ये ग्रॅहमना काढलं. आम्हाला वाटलं, संपलं. आमच्या गल्लीत समोरासमोर दोन म्हातारे राहायचे. एकाच्या अंगणात 'सेव्ह अवर स्टेडियम ह्यूज' या विरोधी गटाची पाटी, दुसऱ्याच्या अंगणात नव्या स्टेडियमच्या बाजूची. हिवाळ्यात ज्याची पाठ धरलेली नसेल तो दोघांच्या दारातला बर्फ उपसायचा. ग्रॅहम गेल्याच्या दुसऱ्या दिवशी विरोधवाल्याने आपली पाटी काढून गॅरेजमध्ये ठेवली. डिसेंबरात ती त्याला परत रोवावी लागली, कारण फ्रँकनी देणग्यांची वाट न बघता पूर्ण स्टेडियमचीच शिफारस केली आणि नियामक मंडळाने ती मंजूर केली. खर्च सुमारे 22 कोटी डॉलर, आणि त्यासाठी पुढच्या वर्षी सुमारे 24 कोटी डॉलरचे रोखे (बाँड), म्हणजे व्याजासह फेडायचं कर्ज.

मला ज्या गोष्टीवर मुख्यतः बोलायचंय ती हीच.

भांडणाचा आवाज सगळा गोंगाट, पार्किंग, दारू पिऊन अंगणात मुतणारी पोरं यांच्यावर होता. जाहीर सभेत माणसं त्यावरच तीन-तीन मिनिटं बोलायची. ते खोटं नव्हतं, पण त्यावर तोडगा निघतो. आजूबाजूच्या गल्ल्यांत परवाना पार्किंग करा, पोलीस वाढवा. रोख्यांवर तोडगा नसतो. देणगी कमी पडली की तेवढं कर्ज वाढतं. ते फेडायला तिकिटं, जाहिराती, नामकरणाचे हक्क, बड्या पाहुण्यांसाठीच्या खास खोल्या भाड्याने देणं हे सगळं कागदावर दाखवतात. फी वा करातला पैसा यात लागणार नाही असं प्रशासन म्हणत होतं. पण रोखे विद्यापीठ-व्यवस्थेच्या एकत्रित महसुलावर काढलेले. म्हणजे तिकिटं खपली नाहीत तरी हप्ता टाळता येत नाही, तो कुठून तरी भरायचाच. एवढ्या रकमेचा हप्ता वर्षाला कोटी डॉलरच्या घरात जातो. हंगामात घरचे सामने सहाच्या आसपास. पोलीस, वीज, साफसफाई धरण्याआधीच एकेका शनिवारच्या डोक्यावर सोळा-सतरा लाख डॉलर बसतात. हे गणित सभेत मांडणारे दोन-तीनच होते आणि त्यातले एक निवृत्त अर्थशास्त्रज्ञ इतक्या हळू आवाजात बोलले की मागच्या रांगांना काही कळलं नाही.

अंदाज फसला तर काय होतं ते ओहायोत दिसतं. अ‍ॅक्रन विद्यापीठाने 2009 साली सहा कोटी डॉलरच्या वर खर्चून कॅम्पसवर तीस हजारांचं स्टेडियम बांधलं. त्यानंतर संघाने 2010, 2011 आणि 2012 असे सलग तीन हंगाम बारापैकी एकेकच सामना जिंकला. स्टँड भरणार कोण? 2020 मध्ये त्याच विद्यापीठाने शंभराच्या आसपास प्राध्यापकांच्या जागा कमी केल्या, तीन छोटे खेळही बंद केले. फुटबॉल राहिला. त्या कपातीला करोना आणि घसरती विद्यार्थीसंख्या ही मोठी कारणं होती, सगळं स्टेडियमच्या माथी मारणं बरोबर नाही. पण वाईट वर्षात प्राध्यापक कमी करता येतो, रोखा नाही.

तुमचं विद्यापीठ सरकारी आहे म्हणून आणखी एक. फोर्ट कॉलिन्सच्या नगर परिषदेला हे स्टेडियम थांबवण्याचा अधिकारच नव्हता. राज्याच्या विद्यापीठाला शहराचा सल्ला घ्यावा लागतो, तो पाळायचं बंधन नसतं. खाजगी विद्यापीठाचं उलट असतं. शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टनमध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या 80-85 कोटी डॉलरच्या नव्या स्टेडियमला नगर परिषदेची परवानगी लागली, आणि तिथे संगीताचे कार्यक्रम होऊ द्यायचे का यावर नोव्हेंबर 2023 मध्ये मतं समसमान पडली, महापौरांच्या मताने निकाल लागला. तिथे नगरसेवकाला फोन करण्यात अर्थ होता. आमच्याकडे लोकांनी दोन वर्षं नगरसेवकांना फोन केले. तुमच्या आजींचा अर्ज कोणाच्या नावे आहे ते आधी बघा. नगर परिषदेच्या नावे असेल तर सही वाया.

जागेबद्दल माझा राग अजून आहे. नवं स्टेडियम जिथे झालं तिथे हॉर्टिकल्चरवाल्यांची ग्रीनहाउसं आणि प्रयोगाच्या बागा होत्या. माझा रूममेट त्या विभागातला. एका शनिवारी आम्ही दोघांनी त्याच्या कुंड्या हातगाडीवर घालून हलवल्या. प्रत्येक कुंडीत पांढऱ्या प्लॅस्टिकची पट्टी, त्यावर पेन्सिलीने क्रमांक (शाई पाण्याने जाते, पेन्सिल टिकते, हे मला त्या दिवशी कळलं). विभागाला नवं, जास्त चांगलं केंद्र बांधून मिळालं, ते मान्य. पण काही दशकं वाढलेली झाडं हातगाडीवर बसत नाहीत.

26 ऑगस्ट 2017 ला उद्घाटनाचा सामना झाला, ओरेगॉन स्टेटविरुद्ध. 58-27 ने जिंकलो. 'जिंकलो' लिहिलं बघा, हात आपोआप तसंच लिहितो. मी उभ्याच्या जागेत होतो. विद्यार्थी चालत आले होते, आणि मध्यंतरानंतरही जागेवर होते. हा मुद्दा समर्थकांनी जिंकला, निर्विवाद. तोफ उडाली, आवाज मात्र परत आला नाही, डोंगर लांब राहिला. घरी येताना पाहिलं तर आमच्या विरोधवाल्या म्हाताऱ्याच्या अंगणात पाटी होतीच, फक्त तिच्यावर आता 'पार्किंग, 20 डॉलर' लिहिलेलं होतं.

मग संघ घसरला. 2018 मध्ये 12 पैकी 3 विजय, 2019 मध्ये 4, 2021 आणि 2022 मध्ये पुन्हा तीन-तीन. प्रशिक्षक बदलले. पैशाच्या बाजूला त्यांना काही मोठे हात मिळाले. एका निनावी दात्याने दोन कोटी डॉलर दिले, ते मैदानाला जुने प्रशिक्षक सनी लुबिक यांचं नाव द्यावं म्हणून. स्वतःचं नाव लावायची संधी सोडून. 2018 मध्ये कॅनव्हास नावाच्या क्रेडिट युनियनने (आपल्याकडच्या पतपेढीसारखी संस्था) 15 वर्षांसाठी 3 कोटी 77 लाख डॉलरना नामकरणाचा हक्क घेतला, म्हणून आज ते कॅनव्हास स्टेडियम. अशा करारांनी हप्त्याला टेकू मिळतो. पण नामकरणाचे पैसे 15 वर्षांचे आणि रोखे 40 वर्षांचे, मधल्या फरकाचं उत्तर 2033 नंतर शोधायचंय.

सगळ्यात अनपेक्षित झालं ते जुन्या जागेचं. ह्यूज पाडलं आणि तिथे घरांची वसाहत करायचं ठरलं. तेव्हा विरोध करायला शिकलेलं गाव परत उठलं. एप्रिल 2021 मध्ये मतदारांनी कौल दिला की शहराने ती जागा मोकळी ठेवण्यासाठी विकत घ्यावी, आणि पुढे शहराने 1 कोटी 25 लाख डॉलर मोजून ती दीडशेहून जास्त एकर जागा घेतली. जे गाव स्टेडियम थांबवू शकलं नाही त्याने पायथा वाचवला. तेव्हा जुन्या मैदानाचं काय होणार हेही विचारा, तिथे तुमच्या शहराच्या मताला किंमत असू शकते.

सहीबद्दल. तुमच्या फीच्या बिलात अ‍ॅथलेटिक फी, म्हणजे खेळांसाठीची फी, नावाची ओळ आहे का बघा. अनेक विद्यापीठांत असते. ती या रोख्यांना तारण आहे, किंवा ती वाढवायची मुभा ठेवली आहे, असं असेल तर डोळे मिटून सही करा, कारण तुम्ही दोन वर्षांनी जाल आणि ती ओळ तुमच्या मागून येणाऱ्या पोरांच्या बिलात राहील. देणग्या हातात आल्याशिवाय कुदळ मारायची नाही, असं लेखी असेल तर मी म्हणेन सही करू नका, जाऊन सामने बघा. मजा येते. रोख्यांचा कागद नियामक मंडळाच्या बैठकीच्या विषयपत्रिकेला जोडलेला असतो, शंभर-दीडशे पानांच्या आत कुठेतरी. सापडला नाही तर त्या आजींनाच विचारा. थंडीवाऱ्यात रोज उभ्या राहणाऱ्या बाईकडे त्याची खुणा केलेली प्रत हमखास असते.