गिटार घेऊन संपात उतरलेला गायक

प्रश्न: दादा, मोठ्या भावाने बिली ब्रॅग ऐकवला, एकटाच इलेक्ट्रिक गिटार घेऊन गातोय, ड्रम नाही काय नाही, तरी डोक्यातनं जाईना. हा माणूस कोण आणि सुरुवात कुठनं करू? (एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर: मस्त माणूस सापडलाय तुला! जन्म 1957 चा, लंडनजवळच्या बार्किंगचा. आधी रिफ रॅफ नावाचा पंक बँड होता, तो चालला नाही, मग 1981 मध्ये गडी आर्मीत गेला आणि काही महिन्यांतच 175 पौंड भरून बाहेर पडला. 1983 च्या पहिल्या रेकॉर्डवर सातच गाणी, जेमतेम सोळा मिनिटं, तिथूनच सुरू कर. बीबीसीचा रेडिओ निवेदक जॉन पील कार्यक्रमात भूक लागली म्हणाला तर हा मशरूम बिर्याणी घेऊन थेट स्टुडिओत हजर, आणि पीलने गाणं लावलं पण चुकीच्या स्पीडवर!

पण माझ्यासाठी खरा ब्रॅग ब्रिटनमधल्या 1984-85 च्या खाणकामगारांच्या संपातला, गावोगावी कामगारांसाठी मदतीचे कार्यक्रम केले, आपल्याकडं शाहीर डफ घेऊन मोर्चात उभा राहतो ना अगदी तसा, आणि त्याचं 'बिटवीन द वॉर्स' हे गाणं तर ऐकच, त्यात आरडाओरडा नाही तरी काटा येतो. 1998 मध्ये विल्को बँडसोबत जुना अमेरिकन लोकगायक वुडी गथ्रीच्या चाल नसलेल्या कवितांना चाली लावल्या, तो अल्बम निवांत रात्री ऐक. 2007 पासून तुरुंगातल्या कैद्यांना गिटार मिळवून देण्याचं कामही करतोय.