हृदय-फुफ्फुसांची फिजिओथेरपी : महाविद्यालय निवडण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार ताई,

भांडुपहून आलेले तुमचे पत्र मिळाले. गेल्या वर्षी तुमच्या यजमानांची बायपास शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्याच दिवशी एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने त्यांना पलंगावर उठवून बसवले, छातीशी उशी घट्ट धरायला लावली आणि खोकायला सांगितले, तेव्हा तुम्हाला तिचा राग आला होता, हे तुम्ही मोकळेपणाने लिहिले आहे. त्या वेळी शेजारी उभी असलेली तुमची लेक यंदा बारावी विज्ञान उत्तीर्ण झाली असून, ‘नीट’मधील गुणांवर एमबीबीएसला प्रवेश मिळणे कठीण आहे. फिजिओथेरपी शिकून हृदय आणि फुफ्फुसांच्या रुग्णांसाठीच काम करायचे, असे ती म्हणते. गुडघे आणि पाठ दुखणाऱ्यांच्या या शास्त्राचा हृदयाशी काय संबंध, एक वर्ष थांबून पुन्हा ‘नीट’ द्यावी का, संसर्गाची भीती किती आणि पुढे पोट भरेल का, हे तुमचे प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या घरातच आहे. बायपाससाठी छातीच्या मधोमध असलेले हाड उभे कापावे लागते आणि नंतर ते तारेने जोडले जाते. त्या वेदनेमुळे रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कूसही बदलत नाही. त्यातच भुलीच्या परिणामामुळे श्वासनलिकेतील कफ वर ढकलणारी यंत्रणा मंदावलेली असते. परिणामी फुफ्फुसांच्या तळाकडचे वायुकोश, म्हणजे हवेच्या सूक्ष्म पिशव्या, मिटू लागतात, कफ साचतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. रुग्णाला बसते केले की फुफ्फुसांच्या तळाला पसरायला जागा मिळते, आणि उशीचा आधार असला की कापलेल्या हाडावर खोकल्याचा ताण कमी येतो. त्या मुलीला तुमच्या यजमानांच्या वेदनेची कल्पना नव्हती असे नाही. त्यांना झोपवून ठेवण्यात अधिक धोका आहे, हे ती शिकली होती.

तुमचा समज मात्र अकारण झालेला नाही. 1950च्या दशकाच्या आरंभी मुंबईत पोलिओची मोठी साथ आली आणि 1953 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने परळच्या केईएम रुग्णालयात भारतातील फिजिओथेरपीचे पहिले विद्यालय सुरू झाले. लुळ्या पडलेल्या हातापायांत बळ आणणारे शास्त्र, अशीच त्याची ओळख लोकांच्या मनात रुजली. परंतु पोलिओ श्वासाचे स्नायूही निकामी करत असे. 1952 मध्ये कोपनहेगनमधील साथीत वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने रबरी पिशवी दाबत रुग्णांना तासन्‌तास श्वास पुरवला होता. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात पुष्कळ जण तिथूनच मानतात. श्वासाचा आणि या व्यवसायाचा संबंध असा जुना आहे.

आता हे शिक्षण प्रत्यक्षात कसे असते, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुमच्या लेकीचा निर्णय यावरच ठरायला हवा. पहिली दोन वर्षे शरीररचना, शरीरक्रिया, व्यायामशास्त्र आणि विद्युत उपचार यांत जातात. त्या काळात हृदय-फुफ्फुसांचे रुग्ण फारसे भेटत नाहीत आणि उत्साही विद्यार्थ्यांचा हिरमोड होतो. पुढच्या वर्षांत वॉर्डातील पोस्टिंग, म्हणजे रुग्णांसोबत प्रत्यक्ष कामाची पाळी, सुरू झाले की शिकण्याचे स्वरूप बदलते. स्टेथोस्कोप छातीवर ठेवल्यावर येणारी शिटी ही आकुंचन पावलेल्या श्वासनलिकेची आहे की साचलेल्या कफाची, आणि कानाजवळ केस चोळल्यासारखा येणारा बारीक चुरचुर आवाज कशाचा, हे वाचून कळत नाही. शंभर छात्या ऐकाव्या लागतात आणि प्रत्येक वेळी शेजारी उभ्या असलेल्या शिक्षिकेने ‘पुन्हा ऐक’ म्हणावे लागते. याच्या जोडीला छातीचा एक्स-रे, हृदयालेख (ईसीजी), रक्तातील वायूंची तपासणी आणि फुफ्फुसांच्या क्षमतेची चाचणी वाचता आली पाहिजे. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरील रुग्णाची एक नळीसुद्धा ओढली जाऊ न देता त्याला पलंगाच्या कडेला बसवणे, ही तर डॉक्टर, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून करायची कृती आहे.

सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीचे उदाहरण देतो. दिसायला याहून सोपी गोष्ट नाही. तीस मीटरच्या सपाट मार्गिकेत रुग्णाने स्वतःच्या वेगाने सहा मिनिटे चालायचे आणि किती अंतर कापले ते मोजायचे. परंतु परीक्षकाने त्याच्या बरोबरीने चालायचे नसते, कारण मग रुग्ण नकळत परीक्षकाचा वेग धरतो. तो दमून भिंतीला टेकला तरी घड्याळ थांबवायचे नाही. धीर देण्याची वाक्येही ठरलेलीच असतात, एरवी एका विद्यार्थिनीच्या रुग्णाचे अंतर दुसरीच्या रुग्णाशी ताडून पाहता येणार नाही. छातीत दुखू लागले किंवा चेहरा पांढरा पडला, तर मात्र त्याच क्षणी चाचणी थांबवायची. इतके नियम पाळून, आईच्या वयाच्या बाईंना अवघडल्यासारखे वाटू न देता ही चाचणी करता येणे, हे खरे प्रशिक्षण आहे.

दुसरी गोष्ट भाषेची आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. हृदयाच्या अनेक रुग्णांना नाडीचा वेग कमी ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात. त्यामुळे व्यायामात किती ताण पडतो आहे, हे केवळ नाडीवरून कळत नाही. म्हणून गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने तयार केलेली, 6 ते 20 अंकांची श्रममापन पट्टी वापरतात, ज्यात स्वतःला किती श्रम जाणवतात ते रुग्ण सांगतो. आता परळच्या वॉर्डात सावंतवाडीहून आलेले आजोबा ‘धाप लागते’ म्हणतात, कोणी ‘जीव घाबरा होतो’ म्हणते, कोणी ‘छातीत भरून आल्यासारखं वाटतं’ एवढेच सांगते. यांतले दमणे कोणते, भीती कोणती आणि हृदयाची कळ कोणती, हे ओळखण्यासाठी मराठी आणि हिंदी दोन्ही कानांत मुरलेल्या असाव्या लागतात. पाठ्यपुस्तके इंग्रजीत आहेत म्हणून आपली मुलगी मागे पडेल, अशी काळजी तुम्ही पत्रात शेवटी एका ओळीत लिहिली आहे. रुग्णाच्या पलंगापाशी तिची मराठी तिला पुढेच नेईल. इंग्रजीसाठी पहिले वर्ष तिला कष्ट पडतील, हेही खरे आहे.

आणि मग मुंबईचा रुग्ण हमखास विचारतो तो प्रश्न येतो : ‘लोकलने कधीपासून जाऊ?’ तुमच्या यजमानांनीही विचारला असेल. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा ते आठ आठवडे वजन उचलू नये आणि हातांनी जोराने ढकलू-ओढू नये, एवढे पुस्तकात असते. फलाटावरच्या पुलाच्या पायऱ्या, डब्यात शिरताना बसणारा रेटा, वरची कडी धरून उभे असताना गाडीच्या झटक्याने छातीच्या हाडावर येणारा ताण, हे सारे त्या एका वाक्यातून विद्यार्थिनीला स्वतः काढावे लागते. नंतर शल्यचिकित्सकांशी बोलून, कामावर परतण्याचा टप्प्याटप्प्याचा आराखडा त्या माणसाला द्यावा लागतो. लिफ्ट नसलेल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, दम्याने किंवा क्षयरोगानंतर उरलेल्या फुफ्फुसांच्या विकाराने त्रासलेल्या बाईला शिटी वाजवताना करतो तसे ओठ आवळून हळूहळू श्वास सोडायला शिकवायचे. कोणत्या पायरीवर थांबायचे आणि पाण्याची बादली कशी वाटून न्यायची, हेही तिच्याबरोबर बसून ठरवायचे.

काय करू नये हे कळणे हाही याच शिक्षणाचा भाग आहे. थुंकीतून रक्त पडत असेल तर कफ सुटावा म्हणून छातीवर थापट्या मारायच्या नसतात. विश्रांतीच्या वेळीही छातीत दुखत असेल तर व्यायाम द्यायचा नसतो. अशा वेळी हात मागे घेऊन वरिष्ठांना बोलावणाऱ्या विद्यार्थिनीला मी अधिक गुण देईन.

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की, तुमच्या लेकीने आज ‘हृदय-श्वसन’ ही शाखा निवडण्याच्या विचारात गुंतू नये, कारण ती निवड पदवीनंतर, दोन वर्षांच्या एमपीटीएच या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या वेळी करायची असते. आज निवडायचे आहे ते रुग्णालय. महाविद्यालयाची इमारत, संकेतस्थळावरील छायाचित्रे आणि यंत्रांची यादी बाजूला ठेवून, त्या महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग, छातीविकार विभाग आणि हृदयशस्त्रक्रिया विभाग प्रत्यक्ष चालू आहेत का, हे पाहावे. मुंबईत केईएम, नायर आणि शीव या महापालिकेच्या तिन्ही रुग्णालयांशी संलग्न फिजिओथेरपीचे शिक्षण मिळते. तेथील रुग्णसंख्या हेच विद्यार्थ्यांचे भांडवल आहे, आणि शुल्कही खासगी संस्थांच्या तुलनेत पुष्कळ कमी असते. तेथे प्रवेश मिळाला नाही तर खासगी महाविद्यालयांतही चांगले शिक्षण मिळते, पण चौकशी कडक करावी लागते. काही वर्षांपूर्वी माझ्या सल्ल्याने एका मुलीने एका खासगी संस्थेत प्रवेश घेतला. शेवटच्या वर्षापर्यंत तिच्या तुकडीने अतिदक्षता विभाग काचेबाहेरूनच पाहिला होता. त्या सल्ल्यापूर्वी मी पुरेशी विचारपूस केली नव्हती, याची मला अजूनही खंत आहे. तेव्हापासून मी पालकांना सांगतो की प्राचार्यांना भेटण्याआधी शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना गाठावे. अतिदक्षता विभागात किती आठवडे पोस्टिंग असते, एका शिक्षकामागे किती जण असतात आणि रुग्णाला हात कोण लावते, हे त्यांना थेट विचारावे.

आपल्या राज्यात या पदवीचे प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर, राज्य सीईटी कक्षामार्फत होतात, त्यामुळे तिची परीक्षा वाया गेलेली नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा हा अभ्यासक्रम आजवर चार वर्षे आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप असा होता. आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या 2021च्या केंद्रीय कायद्यानंतर आलेल्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात इंटर्नशिप एक वर्षाची, म्हणजे एकूण कालावधी पाच वर्षांचा आहे. तिच्या तुकडीला कोणता आराखडा लागू होतो, हे यंदाच्या माहितीपुस्तिकेत पाहून खर्चाचा हिशेब करावा. संस्थेला राज्य परिषदेची मान्यता आहे ना, हेही त्याच वेळी तपासावे, कारण पदवीनंतर व्यवसायासाठी परिषदेकडे नोंदणी करावी लागते.

पुन्हा ‘नीट’ द्यावी का? तिला औषधोपचार आणि शस्त्रक्रिया करणारी डॉक्टरच व्हायचे असेल, तर एक प्रामाणिक प्रयत्न करण्यात काही गैर नाही. परंतु तुमच्या पत्रात तशी इच्छा तिची कुठेच दिसत नाही. ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य मात्र दोनदा आले आहे. ताई, त्यासाठी तिचे एक वर्ष खर्ची घालू नका.

संसर्गाची भीती निराधार नाही. या शाखेत रुग्णाला खोकायला लावणे हेच काम असते आणि मुंबईत क्षयरोग आहे. म्हणून एन-95 मास्क नीट बसवणे, खिडक्या उघड्या ठेवणे, खोकणाऱ्या रुग्णाच्या समोर उभे न राहता बाजूला उभे राहणे, या सवयी पहिल्या पोस्टिंगपासून लागल्या पाहिजेत. त्या शिकवल्या जातात का, हेही त्या विद्यार्थ्यांना विचारा. हिपॅटायटिस-बीची लस तिने प्रवेशाआधीच पूर्ण करावी. तिने स्वतःच्या जेवणाकडे आणि झोपेकडे दुर्लक्ष करू नये, हे सांगण्याचा अधिकार आईचाच.

उत्पन्नाबाबत तुम्हाला अंधारात ठेवणार नाही. केवळ हृदय-फुफ्फुसांच्या कामासाठीच्या जागा मुख्यतः मोठ्या रुग्णालयांत असतात आणि त्या मर्यादित आहेत. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, पाळ्या असतात, रविवारही येतो. स्वतःचे क्लिनिक काढणाऱ्यांकडे बहुतेक रुग्ण सांधे आणि पाठीचेच येतात, त्यामुळे ते कौशल्यही तिने मनापासून शिकावे. बायपास किंवा हृदयविकाराच्या झटक्यानंतरचे हृदय-पुनर्वसन आणि दीर्घकालीन फुफ्फुसविकारांसाठीचे आठवड्यांचे व्यायाम-कार्यक्रम यांची गरज मात्र मोठी आहे. अशा पुनर्वसनाने पुन्हा रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण कमी होते, हे सिद्ध झालेले आहे. तरीही घरी सोडल्यावर बहुसंख्य रुग्ण अशा कार्यक्रमापर्यंत पोहोचत नाहीत. तुमचे यजमान गेले होते का?

पसंतीक्रम भरण्याआधी तिला एक काम सांगा. एक आठवडाभर वडिलांकडे, कोणताही सल्ला न देता, फक्त पाहायचे. जिना चढताना ते कितव्या पायरीवर थांबतात, थांबल्यावर काय करतात, दम लागल्याचे कोणत्या शब्दांत सांगतात आणि कोणत्या वेळी सांगायचे टाळतात, हे रोज वहीत लिहायचे. त्यांना काही त्रास जाणवला तर अर्थातच लगेच त्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. आठवड्यानंतर ती वही आणि महाविद्यालयांची तिची यादी, दोन्ही माझ्याकडे पाठवा. यादीतील क्रम आपण तिघे मिळून लावू.

आपला,
करिअर मार्गदर्शक