५,००० आणि १०,००० मीटरचे अव्वल धावपटू मॅरेथॉनकडे वळायला का कचरतात?

तुमच्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे: जो माणूस १०,००० मीटर जगात सर्वांत वेगाने धावू शकतो, त्याने वेग थोडा कमी केला की ४२.१९५ किलोमीटर त्याला सहज जमायला हवेत, आणि तरीही तो टाळत असेल तर त्याने अंतराची धास्ती घेतली असावी. मी स्वतः हौशी धावपटू आहे आणि ट्रॅकवरच्या लांब पल्ल्याच्या शर्यती बरीच वर्षे बारकाईने पाहत आलो आहे. माझ्या मते अंतराची धास्ती हे कारण जवळजवळ कधीच नसते, कारण हे धावपटू सरावात आठवड्याला दीडशे किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक धावतात. अडचण अशी आहे की मॅरेथॉनसाठी शरीर ज्या पद्धतीने घडवावे लागते, ती पद्धत ट्रॅकवर पदक मिळवून देणाऱ्या गुणाच्याच मुळावर येते.

हा गुण म्हणजे शेवटच्या लॅपचा, म्हणजे ट्रॅकच्या शेवटच्या ४०० मीटरच्या फेरीचा वेग. ऑलिंपिक किंवा जागतिक स्पर्धेतील अंतिम शर्यत अनेकदा संथ सुरू होते, सगळे एकमेकांवर नजर ठेवून धावतात, आणि निकाल शेवटच्या ४०० मीटरमध्ये लागतो. हे ४०० मीटर जो ५३-५४ सेकंदांत धावू शकतो, त्याला पदक मिळते. ब्रिटनच्या मो फारा याने २०१२ आणि २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये दोन्ही अंतरांची सुवर्णपदके प्रामुख्याने याच बळावर जिंकली. मॅरेथॉनमध्ये या वेगाचा उपयोग फारसा होत नाही. २ तास ५ मिनिटांची मॅरेथॉन म्हणजे दर ४०० मीटरला सुमारे ७१ सेकंद, आणि असे एकामागोमाग १०५ लॅप. युगांडाच्या जोशुआ चेप्तेगेईचा १०,००० मीटरचा २६:११.०० (२६ मिनिटे ११ सेकंद) हा विश्वविक्रम लॅपमागे ६३ सेकंदांपेक्षाही कमी वेळात झालेला आहे, त्यामुळे त्याच्यासारख्याला हा वेग आरामाचा वाटतो. पण त्याच्या पायांना आणि चयापचयाला तो दोन तासांहून अधिक काळ टिकवायची सवय नसते. ती सवय लावायची तर ३५-४० किलोमीटरच्या लांब धावा कराव्या लागतात, ४०० मीटरच्या वेगवान आवर्तनांची संख्या घटवावी लागते, आणि काही महिन्यांत शेवटच्या लॅपची धार बोथट होऊ लागते.

इंधनाचा हिशेब तर ट्रॅकच्या धावपटूला पूर्णपणे नवा असतो. धावताना शरीराच्या दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ५५ किलो वजनाच्या धावपटूला १०,००० मीटरसाठी साडेपाचशेच्या आसपास किलोकॅलरी पुरतात, पण मॅरेथॉनसाठी सुमारे २,३०० लागतात. स्नायूंत आणि यकृतात साठलेले ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, ढोबळमानाने २,००० किलोकॅलरींच्या घरात असते आणि तेही सगळे पायांना वापरता येत नाही. ही तूट भरून काढण्यासाठी शरीराला चरबीतून अधिक ऊर्जा काढायला शिकवावे लागते आणि शर्यतीच्या वेगाने धावता धावता साखरेचे द्रावण किंवा जेल पोटात रिचवायचा सराव करावा लागतो. शर्यतीत सहसा पाण्याचा घोटही न घेणाऱ्या धावपटूचे पोट पहिल्या काही प्रयत्नांत बंड करते, यात नवल नाही. हे ज्याला साधत नाही, तो तीस-पस्तीस किलोमीटरनंतर कोसळतो, मग त्याच्या नावावर ट्रॅकचे कितीही विक्रम असोत.

चेप्तेगेईचेच पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅलेन्सियाला तो पहिली मॅरेथॉन धावला आणि २:०८:५९ अशा वेळेसह ३७ वा आला. त्यानंतर तो ट्रॅकवर परतला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटरचे सुवर्ण जिंकला. ट्रॅकवर ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकलेल्या इथिओपियाच्या केनेनिसा बेकेलेने २०१४ मध्ये पॅरिसला २:०५:०४ अशी दमदार सुरुवात केली, पण पुढे दोनदा दुबईत आणि एकदा बर्लिनमध्ये त्याला शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. २०१९ मध्ये बर्लिनला त्याने २:०१:४१ ही वेळ नोंदवली आणि तेव्हाच्या विश्वविक्रमापासून तो केवळ दोन सेकंद दूर राहिला, पण एवढ्या प्रतिभेच्या माणसालाही तिथवर पोहोचायला पाच वर्षे लागली.

आता वेळापत्रकाचा भाग. वसंतातल्या लंडन किंवा बोस्टन मॅरेथॉनसाठी जानेवारीपासून तयारी करावी लागते आणि नंतर काही आठवडे विश्रांती अटळ असते, म्हणजे ट्रॅकचा हंगाम सुरू होतो तेव्हा धावपटू नुकता सावरत असतो. शरद ऋतूतल्या बर्लिन किंवा शिकागोसाठी उन्हाळाभर तयारी करावी लागते आणि मोठ्या ट्रॅक स्पर्धा नेमक्या तेव्हाच असतात. शिवाय वर्षात दोनच मॅरेथॉन नीट धावता येतात. ट्रॅकवर एखादी शर्यत बिघडली तर पंधरा दिवसांत दुसरी मिळते, मॅरेथॉन बिघडली तर सहा महिने वाया जातात.

परतीची वाटही किती काळ उघडी राहील, याचा नेम नसतो. फारा २०१४ मध्ये लंडनला २:०८:२१ वेळेत आठवा आला, ट्रॅकवर परतला आणि पुढची तीन वर्षे जिंकत राहिला, कारण तो एका मॅरेथॉनपुरताच बाहेर गेला होता. २०१७ नंतर मात्र तो पूर्णपणे रस्त्यावर उतरला आणि २०१८ मध्ये २:०५:११ अशी वेळ देत त्याने शिकागो जिंकली. त्यानंतर टोकियो ऑलिंपिकसाठी त्याने १०,००० मीटरकडे परतायचे ठरवले, तेव्हा पात्रतेसाठी २७:२८ हवे होते आणि त्याला २७:४७ च्या पुढे जाता आले नाही. वयाचा वाटा त्यात होताच, पण मला वाटते मॅरेथॉनच्या वर्षांचाही होता.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. पैशाचा विचार केला तर सगळे उलट दिशेला खुणावते. मोठ्या मॅरेथॉनमध्ये नावाजलेल्या धावपटूला केवळ सहभागासाठी घसघशीत मानधन मिळते, तर १०,००० मीटरची शर्यत वर्षभरात मोजक्याच ठिकाणी होते. म्हणून हे धावपटू मॅरेथॉन कायमची टाळतात असे म्हणण्यापेक्षा ट्रॅकवर पदकाची आशा असेपर्यंत ती पुढे ढकलतात, असे म्हणणे मला अधिक बरोबर वाटते. मॅरेथॉनमधला दिग्गज एलिऊड किपचोगे हा ठरवून मॅरेथॉनला गेला असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात २००३ चा ५,००० मीटरचा हा विश्वविजेता २०१२ च्या केनियाच्या ऑलिंपिक संघात निवडला गेला नाही, आणि त्यानंतर २०१३ मध्ये हॅम्बर्गला त्याची पहिली मॅरेथॉन झाली. ट्रॅकवर त्याला पदके मिळत राहिली असती तर तो इतक्या लवकर वळला असता का, याविषयी मला शंका आहे.

नेदरलँड्सच्या सिफान हसनचे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाते, हे मान्य करतो. तिने २०२३ मध्ये लंडन आणि शिकागो जिंकल्या आणि २०२४ मध्ये पॅरिसला ५,००० व १०,००० मीटरची कांस्यपदके आणि मॅरेथॉनचे सुवर्ण एकाच ऑलिंपिकमध्ये मिळवले. पण तिथेही ट्रॅकवरची दोन्ही पदके कांस्य होती, तर टोकियोत तिने याच दोन शर्यतींत सुवर्ण जिंकले होते.

आपल्याकडे हा प्रश्न अविनाश साबळेच्या निमित्ताने अनेकदा विचारला जातो. बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या या धावपटूने २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन ६०:३० (६० मिनिटे ३० सेकंद) वेळेत धावून राष्ट्रीय विक्रम केला. १९७८ मध्ये जालंधरला शिवनाथ सिंग यांनी नोंदवलेला मॅरेथॉनचा २:१२:०० हा राष्ट्रीय विक्रम दशकानुदशके कुणाला मोडता आला नव्हता, त्यामुळे साबळेने तिकडे वळावे असे लोकांना वाटणे स्वाभाविकच आहे. शिवनाथ सिंग स्वतः १९७४ च्या आशियाई स्पर्धेत ५,००० मीटर जिंकलेले, म्हणजे ट्रॅकवरूनच आलेले. पण साबळेची खासियत आहे स्टीपलचेस, म्हणजे ३,००० मीटरची अडथळ्यांची शर्यत, ८:०९.९१ ही त्याची वेळ, आणि अडथळे व पाण्याची उडी पार करण्यासाठी लागणारी उसळी लांब धावांनी सर्वांत आधी मंदावते. साताऱ्याची ललिता बाबर उलट्या दिशेने गेली: मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग विजेतेपदे मिळवल्यावर ती स्टीपलचेसकडे आली आणि रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली. हा क्रम मला तरुण धावपटूसाठी अधिक किफायतशीर वाटतो, कारण स्टीपलचेसमधून निवृत्त व्हायच्या वयातही मॅरेथॉनची काही चांगली वर्षे शिल्लक असतात.

अर्धमॅरेथॉनच्या वेळेवरून मॅरेथॉनचा अंदाज बांधायला नेहमी वापरतात त्या २.११ ने साबळेच्या ६०:३० ला गुणले तर मॅरेथॉनची वेळ २ तास ८ मिनिटांच्या आत येते आणि हा आकडा मोहात पाडतो. मात्र इरिट्रियाच्या झेरसेनाय टाडेसेने २०१० मध्ये अर्धमॅरेथॉन ५८:२३ वेळेत धावून विश्वविक्रम केला होता. त्याच गुणाकाराने त्याची मॅरेथॉन २:०३ च्या आसपास व्हायला हवी होती. २०१२ मध्ये लंडनला त्याला लागले २:१०:४१.