नवीन डॉक्टरने क्लिनिकल ज्ञान कसं वाढवावं आणि ब्रँच कशी निवडावी?

पदवी मिळून काही महिने झालेत, वॉर्डात काम सुरू आहे, पण पेशंटसमोर उभं राहिलं की वाचलेलं आठवत नाही, आणि पुढे कुठली ब्रँच, म्हणजे स्पेशालिटी, घ्यायची तेही ठरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी बरीच वर्षं मेडिसिनमध्ये आहे, ज्युनिअर डॉक्टरांना शिकवते. तुमच्या दोन्ही प्रश्नांवर मी आधी एकच सवय सांगेन: तुम्ही दाखल करून घेतलेल्या पेशंटचं पुढे काय झालं ते स्वतः जाऊन बघा.

रात्री पेशंट दाखल केला, सकाळी हँडओव्हर दिला, ड्यूटी संपली. तिसऱ्या दिवशी निदान बदललं तर ते तुम्हाला कोणी सांगायला येत नाही. तुमच्या डोक्यात मात्र त्या रात्रीचंच निदान बरोबर म्हणून बसतं, आणि पुढच्या तशाच पेशंटला तेच सुचतं. म्हणून एक वही ठेवा. त्यात पेशंटची ओळख पटेल असं काही नको, तारीख आणि तक्रार पुरे. रिपोर्ट यायच्या आधी लिहायचं: मला काय वाटतंय, दुसरं काय असू शकतं, आणि यातलं काय नजरेतून सुटलं तर जिवावर बेतेल. काही दिवसांनी त्याच पानावर खरं काय निघालं ते लिहायचं. ‘रिपोर्टच्या आधी’ हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. रिपोर्ट हातात आल्यावर प्रत्येकालाच वाटतं की आपल्याला तेच वाटलं होतं.

हिस्ट्रीला, म्हणजे पेशंटला विचारून घेतलेल्या आजाराच्या माहितीला, वेळ द्या. १९७५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास आला होता. ओपीडीतल्या ८० नव्या पेशंटपैकी ६६ जणांचं अखेरचं निदान फक्त हिस्ट्रीवरून केलेल्या निदानाशी जुळलं. शारीरिक तपासणीमुळे ७ जणांत फरक पडला, लॅबच्या तपासण्यांमुळे आणखी ७ जणांत. त्यानंतर तपासण्या खूप पुढे गेल्या, पण कोणती तपासणी मागवायची हे अजूनही हिस्ट्रीच ठरवते. ‘छातीत दुखतंय’ एवढ्यावर थांबू नका. दुखायला लागलं तेव्हा ते काय करत होते, गेल्या महिन्यात जेवढं चालू शकत होते तेवढं आज चालता येतं का, हे विचारा. औषधांची नावं ऐकून घेण्यापेक्षा औषधांची पिशवी उघडून बघा.

आणीबाणीत मात्र विचार करायला वेळ नसतो, तिथल्या काही गोष्टी पाठच हव्यात. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र अ‍ॅलर्जीत, आधी अ‍ॅड्रिनलिन: मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे १:१००० द्रावणाचं अर्धा मिलिलिटर, मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूला, स्नायूत. अ‍ॅलर्जीची बाकीची इंजेक्शनं नंतर. बेशुद्ध पेशंट आला की शुगर लगेच बघायची, मग कारण कितीही उघड दिसत असो.

पण पाठांतराला कारणाची जोड असली तरच ते टिकतं. रक्तातलं पोटॅशियम वाढलंय आणि ईसीजी बदललाय, तर आधी शिरेतून कॅल्शियम का? कॅल्शियमने पोटॅशियम कमी होत नाही, ते फक्त हृदयाला सांभाळतं, तेही थोडा वेळ. पोटॅशियम पेशींच्या आत ढकलायला इन्शुलिन आणि ग्लुकोज लागतं, आणि पुढचे काही तास शुगर उतरतेय का त्यावर लक्ष ठेवावं लागतं. शरीरातून पोटॅशियम बाहेर काढणं हे त्यापुढचं काम. एवढं एकदा समजलं की क्रम विसरायला होत नाही.

श्वास मोजण्याबद्दल मी जरा जास्तच आग्रही आहे. कितीतरी चार्टवर सगळ्यांचा श्वासाचा आकडा सारखाच लिहिलेला दिसतो, कारण कोणी मोजलेलाच नसतो. सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी व्हायला लागतात तेव्हा) किंवा रक्तात आम्ल वाढलेलं असताना श्वास बऱ्याचदा बीपी पडायच्या कितीतरी आधी वाढतो. तरुण पेशंट तर बीपी बराच वेळ धरून ठेवतो आणि मग एकदम कोसळतो. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. आणि सिस्टर म्हणाल्या, ‘डॉक्टर, हा पेशंट मला बरा वाटत नाहीये,’ तर फोनवर ऑर्डर देऊ नका, उठून जा.

सिनियरला फोन करायची भीती वाटते, हे मला माहीत आहे. पहिल्याच वाक्यात मुद्दा सांगा: ‘सर, बीपी ८० आहे, सलाइन देऊनही वाढत नाहीये, सेप्सिस वाटतोय, तुम्ही येऊन बघाल का?’ बाकीची माहिती त्यानंतर. फोन करावा की नाही असा प्रश्न मनात आला, तर करा.

आता ब्रँच. सहा महिन्यांनी ती वही उघडा आणि कोणत्या पेशंटचं पुढे काय झालं हे बघायला तुम्ही कोणी न सांगता गेला होतात ते शोधा. परीक्षेतल्या मार्कांपेक्षा किंवा एखाद्या आवडत्या शिक्षकापेक्षा ही खूण जास्त भरवशाची आहे. ब्रँच तिथल्या थरारक केसेस बघून निवडू नका, रोजचं काम बघा. एंडोक्रायनॉलॉजीत, म्हणजे हॉर्मोनच्या आजारांच्या ब्रँचमध्ये, दुर्मीळ आजार असतात, पण दिवस मुख्यतः शुगर आणि थायरॉइडमध्ये जातो, तेच पेशंट वर्षानुवर्षं येतात. कोणाला त्यातच समाधान मिळतं, कोणाचा जीव त्यात गुदमरतो. सर्जरीत हातांइतकंच कोणाचं ऑपरेशन करायचं नाही हे ठरवण्याचं काम असतं. रेडिओलॉजी, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचण्याची ब्रँच, घ्यायची तर पेशंटशी बोलणं कमी होईल, ते चालेल का हे स्वतःला विचारा.

दोन ब्रँचमध्ये अडकला असाल, तर दोन्हींत पंधरा-वीस वर्षं काम केलेल्या एकेका डॉक्टरबरोबर अगदी साध्या कामाच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांबा. दिवसाच्या शेवटी विचारा: रात्री फोन आला की अजूनही जावं लागतं का, आणि कामातला कोणता भाग आता नकोसा वाटतो? ते जे सांगतील, तेच काम तुम्हाला पन्नाशीत करायचं आहे असं धरून निर्णय घ्या.